आसफ फैझी : कोर्टातली शरियत ज्यांच्या पुस्तकातून वाचली जाते, ते मुंबईचे प्राध्यापक

समजा, बल्लारपूरच्या एखाद्या मुस्लिम कुटुंबात वडील वारले. मागे आई, एक मुलगा, दोन मुली. घर कुणाचं, दुकान कुणाचं यावरून वाद झाला आणि प्रकरण चंद्रपूरच्या कोर्टात गेलं. आता प्रश्न असा की न्यायाधीश कायदा कुठून बघणार?

आपल्याला वाटतं, मौलवींना बोलावतील किंवा कुराण उघडतील. तसं होत नाही. वकील इंग्रजीतली दोन-तीन जाड पुस्तकं घेऊन उभे राहतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पुस्तक लिहिलंय दिनशा मुल्ला यांनी. आडनावावरून फसू नका, ते पारशी होते. दुसरं पुस्तक आहे फैझ बद्रुद्दीन तय्यबजी यांचं. आणि तिसरं, 'आउटलाइन्स ऑफ मोहमेडन लॉ', माथेरानमध्ये जन्मलेल्या आसफ अली असगर फैझी यांचं.

मुस्लिम कायद्यावर सोशल मीडियावर रोज भांडणं होतात. तीन तलाक, फतवा, समान नागरी कायदा. पण हा कायदा शिकतात कसा, त्याचा अभ्यासक तयार कसा होतो, हे फारसं कुणी सांगत नाही. फैझींच्या आयुष्यातून ते बऱ्यापैकी कळतं.

घरातच कायदा होता

फैझींचा जन्म १० एप्रिल १८९९चा. घराणं सुलेमानी बोहरा. बोहरा म्हटलं की आपल्याला दाऊदी बोहरा आठवतात, म्हणजे सोनेरी काठाची पांढरी टोपी आणि बाजारपेठेतलं हार्डवेअरचं दुकान. सुलेमानी ही त्यांचीच एक छोटी शाखा. सोळाव्या शतकाच्या शेवटी धर्मगुरू कोण, या वादातून वेगळी झालेली. संख्येनं अगदी कमी, पण शिक्षणात खूप पुढे.

फैझी आणि तय्यबजी ही एकाच गोतावळ्यातली घराणी. बद्रुद्दीन तय्यबजी हे नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवं. १८८७ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. वर ज्या फैझ तय्यबजींच्या पुस्तकाचा उल्लेख आला, ते त्यांचे चिरंजीव. त्यांचं मुस्लिम कायद्यावरचं पुस्तक १९१३चं. याच गोतावळ्यातल्या अतिया फैझी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला शिकायला गेल्या होत्या.

म्हणजे आसफ मोठे होत होते त्या वातावरणात कायदा, इंग्रजी शिक्षण आणि शिकलेल्या बायका या तिन्ही गोष्टी नवलाईच्या नव्हत्या. हे सांगणं गरजेचं आहे, कारण त्यांच्या पुढच्या भूमिकांचं बरंचसं श्रेय लोक केंब्रिजला देतात. माझ्या मते सुरुवात घरातूनच झाली.

शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झालं. मग कायदा. नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात अरबी-फारसी आणि जोडीला बॅरिस्टरी. केंब्रिजात त्या काळी फारसी साहित्याचा इतिहास लिहिणारे ई. जी. ब्राउन आणि रूमीच्या मसनवीवर काम करणारे आर. ए. निकल्सन होते. तिथली शिस्त अशी की जुनं हस्तलिखित हातात घ्यायचं, त्याच्या वेगवेगळ्या प्रती ताडून बघायच्या आणि मूळ मजकूर काय असेल ते ठरवायचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. परत येऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली.

मग मुफ्ती कसा तयार होतो?

इथे थोडं थांबू, कारण गोंधळ इथेच होतो. फैझी मुफ्ती नव्हते. मदरशातही शिकले नव्हते. इस्लामी कायद्याचा अभ्यासक होण्याचे भारतात दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांना क्वचितच भेटतात.

पहिला रस्ता मदरशाचा. तिथला अभ्यासक्रम म्हणजे 'दर्स-ए-निझामी'. लखनौच्या फिरंगी महलमधले मुल्ला निझामुद्दीन यांनी तो अठराव्या शतकात घडवला. त्यांच्यावरूनच हे नाव पडलं. १८६६ साली देवबंदचं दारुल उलूम सुरू झालं, त्यांनी त्यात बदल करून हदीसवर जोर दिला. आज देशातले बरेच मदरसे यातलंच काही ना काही शिकवतात. आपल्या राज्यात याचं मोठं उदाहरण नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याला आहे. गडचिरोलीसारख्याच आदिवासीबहुल, डोंगराळ भागात. तिथली जामिया गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभी केली. २०११ मध्ये ते काही महिने थेट देवबंदचे प्रमुखही होते.

या रस्त्यावरचा विद्यार्थी आधी अरबी व्याकरण घोटतो. 'सर्फ' म्हणजे शब्द कसा बनतो आणि 'नह्व' म्हणजे वाक्य कसं बनतं. मग तर्कशास्त्र. मग फिकह, म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा. छोट्या पुस्तकापासून सुरुवात करून शेवटी 'हिदाया' या बाराव्या शतकातल्या हनफी ग्रंथापर्यंत पोचायचं. शेवटचं वर्ष हदीसच्या सहा मोठ्या संग्रहांचं. हे सगळं साधारण आठ वर्षांचं काम. एवढं झालं की माणूस आलिम होतो, मुफ्ती नाही.

मुफ्ती व्हायला पुढे 'इफ्ता'चा एक-दोन वर्षांचा अभ्यास असतो. लोकांचे खरे प्रश्न येतात, विद्यार्थी उत्तर लिहितो, गुरुजी तपासतात, चुकलं की परत लिहायला लावतात. वकिलीतल्या ज्युनियरशिपसारखंच समजा. कुठल्या जुन्या ग्रंथाचं मत कधी घ्यायचं, दोन मतं असतील तर कुठलं वरचढ, याचे नियम असतात. त्यासाठी दमास्कसचे इब्न आबिदीन यांचं एकोणिसाव्या शतकातलं लिखाण शिकवतात.

आणि फतवा म्हणजे काय? तर या मुफ्तीनं विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं मत. हुकूम नाही. ७ जुलै २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच सांगितलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही. त्यामुळे 'अमक्याविरुद्ध फतवा निघाला' अशी बातमी दिसली की आधी विचारा, प्रश्न कुणी विचारला होता? बऱ्याचदा कुणा तिऱ्हाइतानं विचारलेला असतो आणि टीव्हीवर मात्र शिक्षा ठोठावल्यासारखी पट्टी फिरत असते.

दुसरा रस्ता विद्यापीठाचा आणि कोर्टाचा. फैझी या रस्त्यानं आले. फरक एवढाच की या रस्त्यानं जाणाऱ्या बहुतेकांना अरबी येत नाही. त्यांना येत होती, आणि चांगली येत होती.

आंबेडकरांनंतर त्याच खुर्चीत

चंद्रपूरकरांना बाबासाहेब म्हटलं की १६ ऑक्टोबर १९५६ आणि दीक्षाभूमी आठवते. त्याच्या वीसेक वर्षं आधी, १९३५ ते १९३८, बाबासाहेब मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि 'पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रूडन्स' हे मानाचं पदही त्यांच्याकडे होतं. १९३८ मध्ये ही दोन्ही पदं फैझींकडे आली. १९४७ पर्यंत ते तिथे होते.

या पेरींची गोष्ट मजेशीर आहे. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. १८४७ साली त्यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजातल्या मुलींच्या वारसाहक्काचा वाद आला. मुलींचं म्हणणं सरळ होतं. आम्ही मुस्लिम, कुराणात मुलीला वाटा आहे, तो द्या. समोरच्यांचं म्हणणं, आमच्या समाजाची रूढी वेगळी, आमच्यात मुलीला देत नाहीत. पेरींनी रूढी मानली. मुली हरल्या.

ज्या न्यायाधीशानं कुराणातला वाटा नाकारून रूढी उचलून धरली, त्याच्याच नावाच्या पदावर नव्वद वर्षांनी इस्लामी कायद्याचा अभ्यासक बसला. आणि तोपर्यंत तो नियमही उलटला होता. १९३७ साली शरियत ॲक्ट आला. लग्न, तलाक, मेहर, वारसा अशा बाबतीत मुस्लिमांना रूढी नाही तर मुस्लिम कायदा लागू, असं त्यानं सांगितलं.

याचा आपल्या भागाशी काय संबंध? आहे ना. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, तेव्हा मध्य प्रांतात होता. इथे १८७५चा 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस लॉज ॲक्ट' चालायचा. त्याच्या कलम ५ नुसार मुस्लिमांना मुस्लिम कायदा होता, पण रूढी त्याला वाकवू शकत होती. १९३७च्या कायद्यानं ज्या जुन्या तरतुदींना विसंगतीपुरतं बाद केलं, त्यांच्या यादीत हे कलम नावानिशी आहे.

एक गोष्ट मात्र वगळली गेली. शेतजमीन. १९३७च्या केंद्रीय कायद्याच्या कलम २ मध्ये ती सुरुवातीलाच बाजूला ठेवली आहे. धानाच्या पट्ट्यात जिथे मुख्य मालमत्ताच शेत आहे, तिथे ही किती मोठी पळवाट होऊ शकते, हे सांगायला नको. घरात मुलीला वाटा मिळतो आणि बांधीत तिला आडवे प्रश्न विचारले जातात, असं घडू शकतं. त्यामुळे शेतीचा वाद असेल तर 'शरियतप्रमाणे वाटणी' एवढ्यावर विसंबू नका, जुना स्थानिक कायदा माहीत असलेल्या वकिलाला विचारा.

रूढी विरुद्ध ग्रंथ हा झगडा फक्त मुस्लिमांचा नाही, हेही लक्षात घ्या. गडचिरोलीतल्या गोंड-माडिया कुटुंबांना १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपोआप लागू होत नाही. कलम २(२) मध्ये अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. तिथे आजही वारसा रूढीनं चालतो आणि मुलीच्या वाट्याचा प्रश्न तिथेही उभा राहतो.

वारसा म्हणजे गणित

फैझींचं 'आउटलाइन्स' १९४९ला आलं. त्यांच्या हयातीत चौथी आवृत्ती १९७४ची. मुल्लांचं पुस्तक वकिलासाठी आहे, कलमांसारखे सुटे नियम. फैझींचं पुस्तक विद्यार्थ्यासाठी आहे. नियम कुठून आला, हनफी काय म्हणतात, शाफई काय, शिया काय, आणि इंग्रज न्यायाधीशांनी त्यात काय घोळ घातला, हे ते सांगत जातात. घोळ होणारच होता. कोर्टात वर्षानुवर्षं वापरलेलं 'हिदाया'चं १७९१चं इंग्रजी भाषांतर मूळ अरबीवरून नव्हे, फारसी भाषांतरावरून केलेलं होतं.

या विषयाचा सगळ्यात अवघड भाग वारसा. इथे भावना चालत नाहीत, अपूर्णांक चालतात. कुराणात सहा ठरलेले वाटे आहेत: अर्धा, पाव, एक अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश.

आपल्या बल्लारपूरच्या कुटुंबाचं बघू. समजा कर्ज वगैरे फेडून ३२ लाख उरले आणि कुटुंब हनफी आहे. विदर्भातले बहुतेक मुस्लिम हनफीच, कोकणात मात्र शाफई जास्त. मुलंबाळं आहेत म्हणून पत्नीला एक अष्टमांश, म्हणजे ४ लाख. उरले २८. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून मुलगा १४ लाख आणि मुली प्रत्येकी ७ लाख. सरळ आहे.

आता अवघड उदाहरण. एक बाई वारली. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. मूल नाही, आई-वडीलही नाहीत. मालमत्ता ४२ लाख. नवऱ्याचा ठरलेला वाटा अर्धा. दोन बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. बेरीज करा. एकाहून जास्त होते, सात षष्ठांश! वाटे जास्त, पैसे कमी.

हनफी कायदा इथे सगळ्यांचे वाटे सारख्या प्रमाणात कमी करतो. याला 'औल' म्हणतात. सहाऐवजी सात भाग धरायचे. नवऱ्याला तीन भाग, १८ लाख. बहिणींना चार भाग, म्हणजे प्रत्येकी १२ लाख. इस्ना अशरी शिया कायद्याला हे मान्य नाही. तिथे नवऱ्याचा वाटा पूर्ण राहतो, २१ लाख, आणि तूट बहिणींवर पडते. त्यांना प्रत्येकी साडेदहा लाख. कुटुंब तेच, पैसे तेवढेच, पण पंथ बदलला की एका बहिणीचे दीड लाख जातात. म्हणून या अभ्यासकाला एकच मत पाठ असून चालत नाही.

कुलुपातली पुस्तकं

फैझींचं खरं प्रेम मात्र वेगळंच होतं. बोहऱ्यांच्या धर्मग्रंथांची हस्तलिखितं पिढ्यान् पिढ्या समाजाच्या आत जपलेली होती. बाहेरच्याला सोडाच, समाजातल्या माणसालाही धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय ती सहज बघायला मिळत नसत. १९३३ मध्ये फैझींनी इस्माइली मृत्युपत्राच्या कायद्यावर पुस्तक काढलं. त्याच वर्षी मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन सुरू झाली, ज्यात रशियातून आलेले व्लादिमीर इवानोव त्यांच्या सोबत होते.

यातला मुख्य ग्रंथ म्हणजे 'दआइम अल-इस्लाम'. इजिप्तच्या फातिमी खलिफांचे न्यायशास्त्री काझी नुमान यांनी दहाव्या शतकात लिहिलेला. आपल्या बाजारपेठेतल्या बोहरा दुकानदाराचं लग्न, मृत्युपत्र, नमाज यांचे नियम आजही याच ग्रंथावर उभे आहेत. फैझींनी हस्तलिखितं ताडून त्याचा शुद्ध अरबी मजकूर तयार केला. भारतानं त्यांना इजिप्तमध्ये राजदूत म्हणून पाठवलं होतं, आणि पहिला खंड १९५१ मध्ये कैरोतूनच छापून आला. दुसरा १९६० मध्ये. हजार वर्षांपूर्वी कैरोत गाजलेला ग्रंथ मुंबईच्या माणसानं परत कैरोत छापला.

१९५७ मध्ये त्यांनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. त्याची वर्णनात्मक सूची विद्यापीठानं १९६५ मध्ये छापली. कुलुपातली पुस्तकं अशी सार्वजनिक ग्रंथालयात आली.

भूमिका काय होती?

'अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम' हे त्यांचं पुस्तक १९६३चं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: धर्म आणि कायदा वेगळे करून बघा. माणसाची श्रद्धा कायम राहू शकते, पण माणसांनी लिहिलेला कायदा काळाबरोबर बदलतो आणि बदलायला हवा. भारतातल्या कोर्टात चालतो तो कायदा म्हणजे अख्खी शरियत नव्हे, इंग्रजी न्यायपद्धतीत मिसळलेला तिचा एक तुकडा आहे, हेही ते विद्यार्थ्यांना बजावत.

हे हवेत म्हटलेलं नव्हतं. बदल कसा होतो याचं उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला किंवा पोसत नसेल तरी बायकोला सुटका जवळपास अशक्य होती. काही बायकांनी तर लग्न मोडावं म्हणून धर्मच सोडला. तेव्हा देवबंदी परंपरेतले मोठे आलिम अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथाचं मत उसनं घेऊन वाट काढली. त्यातून पुढे १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवऱ्याचा ४ वर्षं पत्ता नाही, २ वर्षं पोटगी दिली नाही, ७ वर्षांची शिक्षा झाली, क्रूरपणे वागतो, अशा कारणांवर पत्नी कोर्टात जाऊ शकते. हा कायदा आजही लागू आहे. गडचिरोलीतल्या कोर्टातही.

म्हणजे तो बदल मदरशातल्या विद्वानांच्या अभ्यासातूनही आला होता, एकट्या आधुनिकांचा नव्हता. फैझींच्या चाहत्यांना हे कधीकधी सोयीस्करपणे आठवत नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी वातावरण तापलं. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. १९७१ मध्ये फैझींचं मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या सुधारणेवरचं छोटं पुस्तक आलं. दुसऱ्या बाजूनं १९७३ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभं राहिलं. मदरशात न शिकलेल्या माणसानं शरियतीवर बोलावं का, हा उलेमांचा आक्षेप आणि कायदा फक्त उलेमांचा का, हा सुधारकांचा. दलवाई थेट रस्त्यावर उतरले. फैझी तळटीपांमध्ये लढत राहिले. सामान्य मुस्लिम बाईपर्यंत ते फारसे पोचले नाहीत, ही त्यांची मर्यादा मला खरी वाटते. त्यांचं लिखाण इंग्रजीत, तेही अभ्यासकांच्या इंग्रजीत.

पण कोर्टांपर्यंत ते पोचले. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादेतल्या पूर्णपीठानं सांगितलं की 'मी तलाक दिला होता' एवढं लेखी जबाबात लिहून चालणार नाही. वाजवी कारण, आधी समेटाचा प्रयत्न आणि तलाक दिल्याचा पुरावा हे सगळं सिद्ध करावं लागेल. चंद्रपूर-गडचिरोलीची अपिलं नागपूर खंडपीठात जातात, उच्च न्यायालय तेच, त्यामुळे हा निकाल इथेही बांधील. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं ३ विरुद्ध २ मतांनी एका दमातला तीन तलाक रद्द केला, त्या निकालपत्रातही फैझींच्या पुस्तकाचा संदर्भ आहे. २०१९च्या कायद्यानं असा तलाक देणं गुन्हा ठरला, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

त्यांच्या पुस्तकातला एक विषय मात्र आजही कमी लोकांना माहीत आहे, 'तलाक-ए-तफवीज'. निकाहनाम्यातच अट घालता येते की अमुक घडलं तर तलाकचा अधिकार पत्नीकडे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निकाहाच्या दिवशी फॉर्म भरताना एक अट वाचून, समजून लिहावी लागते.

नंतर

फैझी १९५२ ते १९५७ केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य होते, म्हणजे यूपीएससीचे. पुढे १९६० पर्यंत जम्मू आणि काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २३ ऑक्टोबर १९८१ला ते गेले. शाहबानो निकाल आला १९८५ मध्ये. त्या गदारोळात ते काय बोलले असते, याचा अंदाज बांधायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

'दआइम'चं इंग्रजी भाषांतर ते करत होते, ते अर्धवट राहिलं. अमेरिकेतले प्राध्यापक इस्माइल पूनावाला यांनी ते तपासून पूर्ण केलं आणि 'द पिलर्स ऑफ इस्लाम' या नावानं २००२ आणि २००४ मध्ये दोन खंड आले. 'आउटलाइन्स'ची पाचवी आवृत्ती ताहिर महमूद यांनी २००८ मध्ये संपादित केली. लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात बहुतेक हीच मिळेल. वारसाहक्काचं प्रकरण उघडलंत तर सोबत कागद-पेन ठेवा.